दगड घडवणारे पाणी

आपल्या मेसमधल्या चहाच्या मोठ्या किटलीत एकदा डोकावून पाहा. तळाशी पांढरट, खरखरीत थर दिसेल. कितीही घासला तरी काही आठवड्यांत तो पुन्हा जमतो. महाराष्ट्रातून मुलांना भेटायला येणारे पालकही विचारतात, "सर, इथे साबणाला फेस का येत नाही?" कारण एकच. दूनच्या खोऱ्याभोवतीचे डोंगर चुनखडीचे आहेत आणि त्यांतून झिरपत येणारे पाणी चुना बरोबर घेऊन येते. अकरावीच्या वर्गात दुष्फेन पाण्याचा धडा मी नेहमी या किटलीपासूनच सुरू करतो.

गेल्या वर्षी हा धडा चालू असताना एका कॅडेटने विचारले, "सर, मग हे क्षार म्हणजे नुसता त्रासच ना? नळ तुंबतात, गिझर जळतात. यांचा उपयोग काय?" मी त्याला सिमेंट, खडू वगैरे ठरलेली उत्तरे दिली. जूनच्या सुट्टीत मात्र मला याचे खरे उत्तर पाहायला मिळाले. माझी पुतणी क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथे शिकते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही दोघे एक दिवस प्लिट्वित्से सरोवरांचे राष्ट्रीय उद्यान पाहून आलो. आपल्या किटलीत जो थर जमतो, त्याच थराने तिथे सोळा तळी बांधली आहेत.

पायऱ्या-पायऱ्यांची तळी

झाग्रेबपासून प्लिट्वित्से दक्षिणेला सुमारे 130 किलोमीटरवर आहे. बसने दोन-अडीच तास लागतात. हे उद्यान 1949 मध्ये स्थापन झाले आणि 1979 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याचे क्षेत्र जवळजवळ 300 चौरस किलोमीटर आहे, पण त्यातला तळ्यांचा भाग अवघा दोन चौरस किलोमीटरचा, म्हणजे शेकडा एकपेक्षाही कमी. बाकी सगळे जंगल, मुख्यतः बीच आणि फर या झाडांचे. त्यात तपकिरी अस्वले, लांडगे आणि लिंक्स राहतात. लोक पाहायला येतात ती तळी, पण ती तळी टिकतात जंगलाच्या जिवावर. तसे का, ते पुढे सांगतो.

उद्यानाच्या दक्षिण टोकाला पांढरी नदी आणि काळी नदी अशा अर्थाची नावे असलेले दोन प्रवाह एकत्र येतात. ते पाणी सगळ्यात वरच्या प्रोश्चान्स्को तळ्यात शिरते. हे तळे समुद्रसपाटीपासून 636 मीटरवर आहे. तिथून पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उतरत शेवटच्या तळ्यापर्यंत जाते. ते तळे 503 मीटरवर आहे. वरची तळी बारा आणि खालची चार. दोन तळ्यांच्या मध्ये एक बांध असतो आणि त्या बांधावरून पाणी कुठे पडद्यासारखे, कुठे शेकडो धारांनी खाली पडते. शेवटी प्लिट्वित्सा नावाचा ओढा 78 मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळतो. हा क्रोएशियातला सगळ्यात उंच धबधबा. स्थानिक भाषेत त्याचे नाव 'वेलिकी स्लाप', म्हणजे सरळ 'मोठा धबधबा'. या ओढ्याचे पाणी आणि तळ्यांचे पाणी जिथे एकत्र येते, तिथे कोराना नदी सुरू होते.

पाण्याचा रंग जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतो. सकाळी खालच्या दरीत ते गडद हिरवे होते. ऊन वर आल्यावर निळे दिसू लागले. पाणी इतके नितळ की काठाजवळ पोहणारे मासे आणि तळाशी पडलेली झाडांची खोडे स्वच्छ दिसतात. त्या खोडांकडे नीट पाहिले, तर त्यांच्यावर पांढरट साय धरलेली असते. खरा धडा तिथूनच सुरू होतो.

झिजण्याऐवजी वाढणारा धबधबा

आंबोली किंवा ठोसेघर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना धबधबा म्हणजे काय हे सांगायला नको. सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा आहे. पाणी त्यावरून कोसळते आणि फार हळूहळू, पण सतत, त्याला झिजवते. जगातले बहुतेक धबधबे असेच आहेत. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचा नायगारासुद्धा आपलाच कडा झिजवत हजारो वर्षे मागे सरकत आला आहे. पाणी दगड खाते, हा सर्वसाधारण नियम.

प्लिट्वित्सेत याच्या उलट घडते. तिथे पाणी जिथे आपटते, तिथेच दगड वाढतो. कसा ते पायरीपायरीने पाहू.

पावसाचे पाणी जंगलातल्या मातीतून खाली मुरते. मातीत मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करत असतात, त्यामुळे तिथे कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. तो पाण्यात विरघळला की पाणी सौम्य आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांतून जाताना तिच्यातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात बरोबर नेते. झऱ्यातून बाहेर येते तेव्हा ते आपल्या नळाच्या पाण्यासारखेच दुष्फेन असते.

आता सोड्याची बाटली आठवा. ती हलवून उघडली की वायू फसफसत बाहेर येतो. तळ्याच्या काठावरून खाली पडताना पाण्याची तशीच अवस्था होते. ते फुटते, त्याचे तुषार होतात, हवेशी त्याचा संपर्क वाढतो आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो. तो गेला की पाण्याला तेवढा चुना धरून ठेवता येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घन होऊन बाहेर पडते. किटलीत हेच काम उष्णता करते, तिथे ते उंचीवरून पडणे करते. अभिक्रिया तीच.

पण बाहेर पडलेला चुना वाहून का जात नाही? याचे उत्तर आहे मॉस, म्हणजे पावसाळ्यात आपल्या जुन्या भिंतींवर उगवते ती मखमली हिरवळ. बांधाच्या काठावर, ऐन धारेत, मॉसचे गालिचे वाढलेले असतात. त्यांच्यावर शैवाल आणि जिवाणूंचा चिकट थर असतो. चुन्याचे सूक्ष्म स्फटिक त्या थराला चिकटतात आणि हळूहळू मॉसचा खालचा भाग दगडाचा होतो. मॉस मात्र वरच्या टोकाने वाढतच राहते. खाली दगड आणि वर हिरवे रोप, असा तो बांध उंच होत जातो. या सच्छिद्र दगडाला तिथले लोक 'सेद्रा' म्हणतात. क्रोएशियन वनस्पतिशास्त्रज्ञ इव्हो पेव्हालेक यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सजीवांचे काम उलगडून दाखवले. बांध हा निर्जीव खडक नसून त्याचा वरचा थर जिवंत आहे, आणि तो मेला तर बांधाची वाढ थांबेल, हे त्यामुळे लोकांना कळले.

ही वाढ काही ठिकाणी वर्षाला सुमारे 1 सेंटीमीटर होते. आज दिसणारे बांध गेल्या सहा-सात हजार वर्षांतले आहेत. बांध वाढला की त्यामागच्या तळ्याची पातळी वाढते. कोझ्याक हे तिथले सगळ्यात मोठे तळे. त्याच्या पोटात एक बुडालेला बांध आहे. पूर्वी तिथे दोन तळी होती. खालचा बांध इतका वाढला की चढत्या पाण्याने वरच्या बांधाला पोटात घेतले आणि दोन्ही तळी एक झाली. उलट काही जुने बांध आता कोरडे पडून झाडीखाली गेले आहेत, कारण पाण्याने दुसरी वाट धरली. एकूण काय, या उद्यानाचा नकाशा कधीच कायमचा पुरा होत नाही.

वाट सोडायची नाही

हे सगळे रसायनशास्त्र मला पाठ होते. तरीही माझी चूक झालीच.

तळ्यांमधून फिरण्यासाठी लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत. बऱ्याच ठिकाणी त्यांना कठडा नाही आणि खालून पाणी वाहत असते. वरच्या तळ्यांजवळ एका अरुंद जागी समोरून मोठा गट आला. त्यांना वाट देण्यासाठी मी फळीवरून उतरून शेजारच्या ओल्या, पिवळसर उंचवट्यावर पाय ठेवला. दोन-तीन सेकंदच. मागून कोणीतरी मोठ्याने हाक मारली. उद्यानाचा एक कर्मचारी होता, पन्नाशीच्या पुढचा. त्याने मला हाताने फळीवर यायची खूण केली, मग खाली वाकून माझ्या बुटाच्या ठशाकडे बोट दाखवले. ओले मॉस दबले होते आणि त्याखालचा ठिसूळ थर चुरला होता.

तो रागावला नाही. अंगठा आणि तर्जनी यांत थोडेसे अंतर धरून तो काही बोलला. पुतणीने भाषांतर करून सांगितले, "एवढं व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, म्हणतात." मी माफी मागितली. मी रसायनशास्त्र शिकवतो हे पुतणीने त्यांना सांगून टाकले, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. ते मात्र हसले आणि आमच्याबरोबर थोडे चालले. मग म्हणाले, "मी विशीत होतो तेव्हाही इथे हीच सूचना होती, वाट सोडू नका. तेव्हा ती भूसुरुंगांमुळे होती."

यामागचा इतिहास आपल्या वाचकांना माहीत असायला हवा. 1991 मध्ये युगोस्लाव्हिया फुटत होता. मार्चच्या अखेरीस क्रोएशियातल्या बंडखोर सर्ब गटांनी या उद्यानाचा ताबा घेतला. 31 मार्च 1991 रोजी, ईस्टरच्या रविवारी, क्रोएशियाचे पोलीस तो परत घ्यायला आले आणि चकमक झाली. दोन्ही बाजूंचा एकेक जण मारला गेला. त्यांतला क्रोएशियन पोलीस योसिप योविच अवघा एकवीस वर्षांचा होता. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातला पहिला बळी म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि उद्यानात त्याचे स्मारक आहे. त्यानंतर ऑगस्ट 1995 पर्यंत हा प्रदेश बंडखोरांच्या ताब्यात राहिला. युनेस्कोने 1992 मध्ये प्लिट्वित्सेला धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत टाकले आणि 1997 मध्ये त्या यादीतून काढले. इमारतींची मोडतोड झाली होती, परिसरात सुरुंग पेरले गेले होते आणि ते शोधून काढण्याचे चिकाटीचे काम युद्धानंतर बरीच वर्षे चालले. तळी मात्र बहुतांशी शाबूत राहिली. माणसे लढत होती तेव्हाही मॉस वाढत होते.

मग आज धोका कशाचा? तो आमच्यासारख्यांचा. 2019 च्या सुमारास वर्षाला 17 लाखांहून अधिक लोक इथे येत होते. पर्यटकांसाठी आसपास घरे आणि हॉटेले वाढली, तशी सांडपाण्याची चिंता वाढली. याबद्दल युनेस्कोच्या समितीनेही काळजी व्यक्त केली आहे. याचेही कारण रसायनशास्त्रातच आहे. पाण्यात सेंद्रिय घाण मिसळली की चुन्याचे स्फटिक नीट बनत नाहीत. खतासारखी पोषकद्रव्ये वाढली की वेगळ्याच वनस्पती माजतात आणि तळी त्यांनी भरू लागतात. सेद्रा वाढायला पाण्यात भरपूर चुना असून भागत नाही, ते पाणी अत्यंत स्वच्छही लागते. म्हणूनच सभोवतालचे जंगल महत्त्वाचे. पाण्याला कार्बन डायऑक्साइड मिळतो तो जंगलाच्या मातीतून, आणि ते गाळलेही जाते त्याच मातीतून.

यासाठीच उद्यानात पोहायला पूर्ण बंदी आहे. तिकिटे ठरावीक वेळेची असतात आणि त्या त्या तासाला ठरावीक लोकांनाच आत सोडतात. कोझ्याक तळ्यावरच्या नावा विजेवर चालतात, त्यामुळे पाण्यात तेल सांडत नाही. उन्हाळ्यात त्या पाण्यात उतरावेसे कोणालाही वाटेल. तरी दिवसभरात एकही माणूस पाण्यात दिसला नाही.

जाणार असाल तर

आपल्या वाचकांपैकी कोणाचे नातेवाईक युरोपात असतील, कोणाची बदली एखाद्या दूतावासात होईल, म्हणून थोडी उपयोगाची माहिती देतो. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि तिथले चलन आता युरो आहे. तिकीट आधीच ऑनलाइन काढावे, कारण उन्हाळ्यात जागा लवकर संपतात. उद्यानाला दोन मुख्य प्रवेशद्वारे आहेत. पहिल्या द्वारातून आत गेले की थोड्याच अंतरावर मोठा धबधबा आणि खालची तळी वरून दिसतात. वरच्या तळ्यांसाठी दुसरे द्वार जवळ पडते. सगळी तळी नीट पाहायची तर सहा-सात तास हाताशी ठेवावेत. सकाळी लवकर गेले तर गर्दी कमी असते. फळ्या ओल्या असतात, तेव्हा तळ घट्ट धरणारे बूट घालावेत. वसंतात बर्फ वितळल्यावर धबधबे जोरात असतात, आणि कडक थंडीत त्यांतले काही गोठतात.

आपल्या जवळचे

परत आल्यावर मी त्या कॅडेटला उत्तर दिले. मग तो म्हणाला, "सर, असं आपल्याकडे कुठे आहे का?" आहे. आपण दर वर्षी आउटिंगला जातो ती सहस्रधारा. तिथे चुनखडीच्या गुहांवरून थेंब थेंब पाणी ठिबकते आणि त्या कड्यावर जमलेले थर याच प्रक्रियेचे आहेत. प्लिट्वित्सेसारखी तळ्यांची माळ तिथे नाही, पण धडा तोच आहे.

आणि आपल्या डोंगरांचीही एक गोष्ट आहे. मसुरीच्या उतारांवर एके काळी चुनखडीच्या खाणी बेफाम चालत होत्या. झाडे गेली, माती वाहून गेली, झरे आटले. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या अनेक खाणी बंद करायला लावल्या. त्याच्या आधीच, 1982 मध्ये, त्या उघड्या पडलेल्या डोंगरांवर पुन्हा झाडे लावण्यासाठी प्रादेशिक सेनेची एक खास बटालियन उभारली गेली होती: गढवाल रायफल्सशी संलग्न 127 इन्फंट्री बटालियन, इकॉलॉजिकल. तिच्यात मुख्यतः माजी सैनिक होते. त्यांनी खड्डे खणले, रोपे लावली आणि ती जगेपर्यंत त्यांची राखण केली. आज मसुरीच्या वाटेवर जो हिरवा उतार दिसतो, त्यात त्यांच्या हातांचे काम आहे. जंगल परत आले की माती परत येते आणि माती आली की झऱ्याला पाणी येते, हे प्लिट्वित्सेच्या जंगलाकडे पाहताना मला पुन्हा उमगले.

आपण इथे राखण करायला शिकतो. बहुतेक वेळा राखण म्हणजे पुढे सरसावणे, असे आपल्या मनात असते. त्या कर्मचाऱ्याने मला दुसऱ्या प्रकारची राखण दाखवली. जिथे पाय ठेवायचा नाही तिथे न ठेवणे, आणि तेही कोणी पाहत नसताना. पुढच्या वेळी सहस्रधारेला जाल, तेव्हा ओल्या कड्यावर नाव कोरायला किंवा फोटोसाठी चढायला कोणी निघाला, तर त्याला हाक मारा. रागावू नका. अंगठा आणि तर्जनी यांत थोडेसे अंतर धरून दाखवा आणि सांगा, हे व्हायला किती वर्षे लागली असतील.

मेसच्या किटलीतला थर मात्र खुशाल खरवडा. तो आठवड्याभरात परत येईल.